‘ध्वनिव्यवस्थेने घात केला’ म्हणजे नेमकं काय झालं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एकटा गायक-गीतकार, हातात गिटार आणि समोर साठ-सत्तर माणसं, अशा छोटेखानी कार्यक्रमांचे वृत्तान्त आता वर्तमानपत्रांतून बऱ्यापैकी येऊ लागले आहेत, हे चांगलंच आहे. गाणी कशी होती, शब्द कसे होते, दाद कशी मिळाली, सगळं त्यात असतं. आणि शेवटाकडे एक वाक्य हमखास असतं: ‘मात्र ध्वनिव्यवस्थेने घात केला.’ आम्ही ध्वनियोजनेचं काम करणारी मंडळी. या वाक्यातून आम्हाला काहीच उलगडा होत नाही. शब्द कळले नाहीत? शिट्टी वाजली? गिटार पत्र्यासारखी वाजली की नुसतीच घुमली? पुढे बसलेल्यांचे कान किटले आणि मागच्यांपर्यंत काही पोचलंच नाही? ही सगळी वेगवेगळी दुखणी आहेत. प्रत्येकाचं मूळ वेगळं आहे, आणि त्यांतली निम्मी तरी साउंडच्या सामानात नसतात; खोलीत, गिटारीच्या पोटात किंवा कॉफीच्या काउंटरवर असतात. ऐकणाऱ्याला जागेवर बसल्या बसल्या ती ओळखता येतात. पत्र थोडं लांबलं आहे, सांभाळून घ्यावं.

या प्रकारच्या कार्यक्रमात श्रोत्याचं काम इतर मैफलींपेक्षा अवघड असतं, हे सहसा लक्षात येत नाही. ओळखीचं गाणं असलं की निम्मे शब्द कानावर पडले तरी उरलेले आठवण भरून काढते, आणि आपल्याला वाटतं की सगळं ऐकू आलं. गायक-गीतकाराची गाणी मात्र बहुतेकांना नवी असतात. तिथे आठवणीची मदत नाही. त्यामुळे ज्या साउंडवर जुन्या लोकप्रिय गाण्यांचा कार्यक्रम झकास होतो, त्याच साउंडवर दुसऱ्या दिवशी नव्या गाण्यांचे शब्द हरवतात. मग दोष गाणाऱ्याच्या उच्चारांवर जातो.

शब्द ओळखू येतात ते मुख्यतः व्यंजनांमुळे. त की थ, क की प, स की श, हा फरक साधारण २००० ते ४००० हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक कंपन) पट्ट्यात आणि त्याच्या थोडा वर असतो. आवाजाची ताकद मात्र स्वरांत असते, ५०० हर्ट्झच्या आसपास आणि खाली. मागून कुणी ‘आवाज वाढवा’ म्हणालं आणि ऑपरेटरने फेडर, म्हणजे मिक्सर या आवाज जुळवायच्या यंत्रावरची सरकती कळ, वर सरकवला की दोन्ही वाढतात, पण त्याबरोबर खोलीतला घुमारही वाढतो आणि लांबलेला स्वर पुढच्या व्यंजनावर चढून बसतो. आधी हळू कळत नव्हतं, आता मोठ्याने कळत नाही. अशा वेळी गाणाऱ्याच्या माइकवर २०० ते ४०० हर्ट्झच्या दरम्यान तीन-चार डेसिबल कमी करून पाहावेत. आवाज कणभर पातळ होतो, पण शब्द पुढे येतात. हा इलाज वाढवण्याचा नसून कमी करण्याचा असल्याने मागून ओरडणाऱ्याला तो पटत नाही, एवढीच अडचण.

दुसरा भाग म्हणजे गोंगाट. शब्द नीट कळायला गाणाऱ्याचा आवाज आसपासच्या गोंगाटापेक्षा साधारण १५ डेसिबल तरी वर हवा. भरलेल्या कॅफेत नुसत्या गप्पांनी ७० डेसिबल सहज होतात. म्हणजे गाणं ८५ वर न्यावं लागलं. तिथे नेलं की गप्पा मारणारे आपोआप आणखी मोठ्याने बोलू लागतात, कारण गोंगाटात आवाज चढवणं ही माणसाची नकळत होणारी क्रिया आहे. मग गाणं ९०. या चढाओढीत स्पीकर जिंकतो आणि कान हरतात. त्यापेक्षा कॉफी दळायचं यंत्र, ब्लेंडर, बर्फाचं यंत्र, एक्झॉस्ट पंखा आणि खडखडणाऱ्या फ्रिजचा कॉम्प्रेसर यांची कार्यक्रमाआधी एक फेरी मारावी आणि गाणी सुरू असताना काय काय बंद ठेवता येईल ते मालकाशी बोलून ठरवावं. फ्रिज बंद केला तर त्याच्यावर चिठ्ठी चिकटवावी, नाहीतर सकाळी वेगळीच तक्रार येते. दळणं आणि ब्लेंडर फक्त दोन गाण्यांच्या मधे, टाळ्यांत. एवढ्यानेही गोंगाट पाच डेसिबल उतरला, तर तो पाच डेसिबल न वाढवलेला आवाज सगळ्यांच्या पथ्यावर पडतो.

न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधल्या गॅसलाइट कॅफेबद्दल नेहमी सांगितलं जातं की तिथे टाळ्यांऐवजी चुटक्या वाजवत, कारण हवेच्या झडपांतून आवाज वर चढून वरच्या मजल्यांवरचे रहिवासी तक्रार करत. नॅशव्हिलचं ब्लूबर्ड कॅफे १९८२ साली सुरू झालं, खुर्च्या साधारण ९०, जागा दुकानांच्या एका साध्या रांगेत. गाणं सुरू असताना गप्प बसायचं, हा तिथला शिरस्ता. त्या जागेचं नाव झालं त्यात या शांततेचा वाटा महागड्या स्पीकरपेक्षा मोठा आहे, असं आमचं मत. १९८५ पासून तिथे गीतकार खोलीच्या मध्यभागी एकमेकांकडे तोंड करून बसतात आणि श्रोते भोवती. यात नाट्य आहे तसं गणितही आहे. १० मीटर लांबीच्या खोलीत गाणारा एका टोकाला बसला तर शेवटचा श्रोता नऊ मीटरवर असतो. मधोमध बसला तर पाचवर. मात्र ही रचना करायची तर स्पीकर आतल्या माइककडे बघणारे चालत नाहीत. ते मधल्या जागेच्या वर, बाहेरच्या दिशेला तोंड करून टांगावे लागतात.

आता खोली. यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण सर्वांत कमी बोललं जातं ते यावरच. उदाहरणासाठी १० मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि ३.५ मीटर उंच खोली घेऊ. घनफळ २४५ घनमीटर. घुमार किती टिकतो, म्हणजे आवाज ६० डेसिबलने उतरायला किती सेकंद लागतात, हे काढायचं वॉलेस सॅबाइन यांचं सूत्र सोपं आहे: घनफळाला ०.१६१ ने गुणायचं आणि खोलीतल्या एकूण शोषणाने भागायचं. रिकाम्या खोलीत भिंती, छत, फरशी, खुर्च्या मिळून २५ चौरस मीटर शोषण (म्हणजे आवाज पूर्ण गिळणाऱ्या तेवढ्या पृष्ठभागाइतकं) धरलं तर घुमार जवळजवळ १.६ सेकंद येतो. एक बसलेला माणूस मधल्या पट्टीत साधारण ०.४५ चौरस मीटर शोषण देतो. साठ माणसं आली की २७ ची भर पडून एकूण ५२ होतं, आणि घुमार ०.७६ सेकंदावर येतो. निम्म्याहून कमी! छोट्या खोलीतल्या माइकवरच्या गाण्याला ०.६ ते ०.८ सेकंद बरे, म्हणजे ही खोली भरल्यावर चांगली आणि साउंड चेकला, म्हणजे लोक येण्याआधीच्या तपासणीला, भयंकर.

यातूनच एक नेहमीची चूक जन्माला येते. रिकाम्या खोलीत सगळं झणझणतं म्हणून ऑपरेटर वरच्या पट्ट्या कापत जातो. लोक येऊन बसले की तेच कापलेलं माणसं पुन्हा शोषून घेतात आणि पहिलं गाणं रजईखालून आल्यासारखं लागतं. साउंड चेकमध्ये स्पीकरची जागा, माइकचा गेन (माइकवरून आलेला आवाज किती वाढवायचा ते) आणि शिट्टी कुठे वाजते हे पक्कं करावं. आवाजाचा रंग पहिल्या गाण्यासाठी राखून ठेवावा. पहिलं गाणं कमी शब्दांचं किंवा आधीपासून लोकांच्या कानांवर असलेलं घेतलं, तर ऑपरेटरला तेवढी सवड मिळते. कलाकाराने आपलं सर्वांत नाजूक गाणं सुरुवातीलाच ठेवलं तर ते त्या जुळवाजुळवीतच खर्ची पडतं.

माणसं मधल्या आणि वरच्या पट्ट्या शोषतात, खर्जाला फारसा धक्का लावत नाहीत. म्हणून खोली भरली तरी बुम्म तसाच राहतो. आमच्या उदाहरणातलं छत ३.५ मीटरवर आहे. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर धरला तर फरशी आणि छत यांच्यामध्ये ४९ हर्ट्झवर आणि त्याच्या दुपटीला, ९८ हर्ट्झवर, हवा थरारते. ९८ हर्ट्झ म्हणजे गिटारीच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटवरचा (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्या) जी सूर. त्यात मोठ्या अंगाच्या गिटारीच्या पोटातली हवाही १०० हर्ट्झच्या आसपासच घुमते. दोन्ही जुळले की जी कॉर्ड आला रे आला की खोली हुंकार भरते, बाकीचे कॉर्ड सरळ जातात. श्रोत्याला एवढंच कळतं की अधूनमधून काहीतरी अंगावर येतंय. उपाय: गिटारीच्या चॅनलवर ९८ च्या जागी अरुंद पट्ट्यात ४ ते ६ डेसिबल कापायचे, सगळा बेस नव्हे. जी गाणी चौथ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावून गायली जातात त्यांत हा सूर येतच नाही, त्यामुळे त्याच खोलीत ती अचानक स्वच्छ वाटतात आणि वृत्तान्तात ‘उत्तरार्ध रंगला’ असं छापून येतं.

आणखी एक गंमत. या ९८ हर्ट्झच्या थराराचा जोर उंचीप्रमाणे बदलतो. याच खोलीत उभ्या माणसाच्या कानाशी, फरशीपासून १.६५ मीटरवर, तो खुर्चीतल्या माणसाच्या कानापेक्षा, म्हणजे १.२ मीटरपेक्षा, सुमारे ५ डेसिबल जास्त भरतो. मिक्सरवर उभा असलेला ऑपरेटर बुम्म ऐकून बेस कापतो आणि बसलेल्या साठ जणांना गिटार कोरडी लागते. म्हणून ऑपरेटरने खुर्चीत बसून ऐकावं, आणि दर दोन-तीन गाण्यांनी एकदा मागच्या रांगेपर्यंत जाऊन यावं. मिक्सर भिंतीच्या कोपऱ्यात ठेवायची पद्धत तर बंदच व्हावी. कोपऱ्यात खर्ज सर्वांत जास्त साचतो.

घुमार कमी करायचा म्हणून पातळ पडदे लावले जातात. ते वरच्या पट्ट्या खातात आणि खर्ज तसाच सोडतात. खोली मंद होते, पण घुमायची थांबत नाही. खर्च करायचाच तर आधी मागच्या भिंतीवर करावा. गाणाऱ्यापासून १० मीटरवरच्या भिंतीवर आपटून आवाज परत यायला २० मीटर चालतो, म्हणजे ५८ मिलिसेकंद. एवढा उशीर झाला की गाणाऱ्याला स्वतःचाच शब्द दुसऱ्यांदा ऐकू येतो आणि त्याची लय ढिली पडते. तिथे १० सेंटिमीटर जाडीचे रॉकवूलचे पॅनेल, भिंतीपासून थोडं अंतर सोडून, हा खरा उपाय. पुस्तकांनी भरलेली, पुढे-मागे ठेवलेली कपाटंही बऱ्यापैकी काम करतात.

स्पीकरचं म्हणाल तर तीन गोष्टी. ते गाणाऱ्याच्या मागे नसावेत, माइकच्या रेषेच्या पुढे असावेत. कोपऱ्यात नसावेत. आणि खाली नसावेत: कानाच्या उंचीवरचा स्पीकर पहिल्या रांगेच्या डोक्यांत अडकतो. दोन मीटरवरच्या श्रोत्याला मिळणारा थेट आवाज नऊ मीटरवरच्या श्रोत्यापेक्षा १३ डेसिबल जास्त असतो. खोलीचे पडसाद हा फरक थोडा बुजवतात, पण ते बुजवतात ते घुमाराने, म्हणजे शब्दांच्या जिवावर. स्पीकर सव्वादोन-अडीच मीटरवर चढवून त्याचं तोंड शेवटून दुसऱ्या रांगेकडे थोडं खाली झुकवलं की पुढचे लोक त्याच्या थेट माऱ्याच्या खाली राहतात आणि दोघांतलं अंतर आवाजापुरतं कमी होतं. एकट्या गाणाऱ्यासाठी सबवूफर लागत नाही. असला तर बंद ठेवावा, रागावणारं कुणी नसतं. सत्तर माणसांच्या अरुंद खोलीत दोनऐवजी मधोमध एकच चांगला स्पीकर टांगला तर बरेचदा शब्द जास्त स्पष्ट येतात, कारण दोन स्पीकरवरून एकच आवाज वेगवेगळ्या वेळी कानावर आला की काही पट्ट्या एकमेकींना मारतात. हे सांगितलं की आयोजकांचा चेहरा पडतो. एक स्पीकर दिसायला गरीब दिसतो ना!

शिट्टी, म्हणजे स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून होणारा फीडबॅक, हे एकच दुखणं असं की ज्याचा दोष श्रोते लगेच ऑपरेटरला देतात, आणि अर्ध्या वेळा ते गाणाऱ्याच्या हातात असतं. १९६६ पासून विकला जाणारा शुअर एसएम ५८ हा माइक अजूनही बहुतेक छोट्या जागांत असतो. तो कार्डिऑइड जातीचा: समोरचं ऐकतो आणि बरोबर शेपटीकडचं सर्वांत कमी ऐकतो. म्हणून मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचं गाणं ऐकवणारा स्पीकर, त्याच्या थेट पुढ्यात, माइकच्या शेपटीच्या रोखाने ठेवायचा. सुपरकार्डिऑइड माइक असेल तर त्याची बहिरी बाजू शेपटीला नसते, समोरच्या रेषेपासून साधारण १२६ अंशांवर, दोन्ही अंगांना असते. त्याला समोरचा मॉनिटर घातक, तिरके दोन बरे. माइक बदलला आणि मॉनिटर तिथेच राहिला की शिट्टी पक्की. गाणाऱ्याने जाळीभोवती मूठ आवळली की माइकच्या मागच्या फटी बंद होतात, त्याचा दिशाबोध जातो आणि तो चहूकडचं ऐकू लागतो.

अंतराचंही तसंच. ओठ माइकपासून ५ सेंटिमीटरवरून २० वर गेले की आवाज १२ डेसिबल उतरतो. ऑपरेटर तेवढा गेन चढवतो, तेवढीच शिट्टी जवळ येते. डाव्या हाताकडे, फ्रेटबोर्डकडे बघत गाणाऱ्यांचं तोंड माइकवरून सरकतं आणि नेमकी ओळीची शेवटची दोन अक्षरं गळतात. स्टँड किंचित डावीकडे घेऊन माइक त्या बाजूने आणावा, म्हणजे मान वळली तरी तोंड माइकवरच राहतं. फार जवळ गेलं की याच जातीच्या माइकमध्ये खर्ज फुगतो. तो १०० हर्ट्झच्या खाली कापावा. पोकळ लाकडी मंचावर पायाने ताल धरायची सवय असेल तर तो धपधप आवाजही त्याच कापण्यात जातो.

शिट्टी आधीच शोधून ठेवायची रीत अशी: माइक जागेवर, सगळे गप्प, फेडर सावकाश वर. पहिली कुई ऐकू आली की ती पट्टी अरुंद कापायची, पुन्हा वर. असं तीन किंवा चार वेळा, त्यापुढे नाही. पाचवी, सहावी पट्टी कापायची वेळ आली तर स्पीकर किंवा मॉनिटर चुकीच्या जागी आहे असं समजावं. शेवटी फेडर त्या मर्यादेच्या ६ डेसिबल खाली आणून ठेवायचा. कॉम्प्रेसर (फ्रिजचा नव्हे; मोठा आवाज आपोआप दाबणारं साउंडचं यंत्र) फार दाबून लावला तर ही सहाची शिल्लक गुपचूप खाऊन टाकतो, कारण गाणं थांबल्यावर तो पकड सोडतो आणि माइकचा गेन आपोआप वर येतो. शिट्टी बरोबर दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत वाजत असेल तर कारण हेच. न लागणारे माइक बंद ठेवावेत. उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की शिल्लक ३ डेसिबलने घटते.

गिटार पत्र्यासारखी वाजते तेव्हा बहुतेकदा खोगिराखालचा (तारा टेकतात त्या पट्टीखालचा) पिझो पिकअप, म्हणजे कंपनं टिपून त्यांचा विजेचा संकेत करणारा तुकडा, चुकीच्या जागी जोडलेला असतो. पिझोला पुढच्या यंत्राचा इनपुट इंपिडन्स (येणाऱ्या संकेताला होणारा विरोध) निदान १ मेगाओम लागतो. साध्या पॅसिव्ह (विजेशिवाय चालणाऱ्या) डीआय बॉक्सचा, म्हणजे गिटार मिक्सरला जोडायच्या डबीचा, तो १४० किलोओमच्या आसपास असतो. गिटारीत स्वतःचा प्रीअँप (संकेत वाढवणारं बॅटरीवरचं सर्किट) असेल तर पॅसिव्ह डीआय चालतो. नुसता पिझो थेट त्यात घातला तर बेस झडून जातो आणि मिक्सरवर कितीही बेस वाढवला तरी फक्त घरघर वाढते. तिथे अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे विजेवर चालणारा, डीआय हवा. गिटारीपासून डीआयपर्यंतची केबल पाच-सहा मीटरपेक्षा लांब नको, पुढची, मिक्सरपर्यंतची एक्सएलआर केबल कितीही न्या.

प्रीअँपची ९ व्होल्टची बॅटरी हे वेगळं प्रकरण. ती संपत आली की हळुवार वाजवलेलं ठीक येतं आणि जोरात स्ट्रम केलं की आवाज फाटतो. त्यामुळे साउंड चेकला कळत नाही, तिसऱ्या-चौथ्या गाण्याला कळतं, आणि खापर स्पीकरवर फुटतं. गिटारीत जॅक खोचला की प्रीअँप चालू होतो. साउंड चेक ते कार्यक्रम या मधल्या तीन तासांत जॅक तसाच राहिला तर बॅटरी तेवढी झिजते. जॅक काढावा, पण काढण्याआधी चॅनल म्यूट, नाहीतर जो धमाका होतो त्याने पुढच्या रांगेतली बाळं रडतात आणि ट्वीटरही (स्पीकरमधला वरच्या पट्ट्यांचा भाग) जाऊ शकतो.

पिझोचा जो एक नकली, चेपलेला स्वर असतो तो १००० ते ३००० हर्ट्झमध्ये बसतो. म्हणजे बराचसा शब्दांच्याच पट्ट्यात. गिटारीवर तिथे तीन डेसिबल कमी केले तर गिटार जास्त लाकडी वाटते आणि शब्दांना वाट मिळते. एका चॅनलवर केलेलं काम दुसऱ्या चॅनलवर दिसतं, ते असं. गिटार स्वतःच हू हू करू लागली, साधारण १०० किंवा २०० हर्ट्झला, तर आधी डीआयवरचं किंवा प्रीअँपवरचं फेजचं (संकेत उलटा करणारं) बटण फिरवून पाहावं, मग साउंडहोलवर, म्हणजे गिटारीच्या पोटावरच्या भोकावर, रबरी झाकण. बाराव्या फ्रेटसमोर कंडेन्सर माइक लावायचा आग्रह काही कलाकार धरतात. ध्वनिमुद्रणात तो सुंदर असतोच. छोट्या खोलीत मात्र तो खोलीही ऐकतो आणि गाण्याचा आवाजही थोडा उशिराने पुन्हा पकडतो, त्यामुळे मुख्य आवाज पोकळ होतो. अगदी शांत खोली आणि अगदी कमी आवाज असेल तरच.

सतत घूं ऐकू येते तेव्हा डीआयवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते दाबावं. ते फक्त ऑडिओ केबलची शील्ड तोडतं. विजेच्या प्लगची अर्थिंगची पिन काढणं हा उपाय नाही, तो अपघात आहे. एका हातात तारा, ओठ माइकच्या जाळीला, अशा स्थितीत गळती झाली तर प्रवाह माणसातून जातो. डिमरवरच्या दिव्यांमुळे तारा गुरगुरत असतील तर दिवे आणि साउंड वेगळ्या सर्किटवर घ्यावेत.

ट्यूनिंगसाठी लागणारा वेळ हा कार्यक्रमाचाच भाग आहे, पण त्याचंही नियोजन होऊ शकतं. नव्या तारा आदल्या दिवशी चढवाव्यात आणि ताणून घ्याव्यात. कॅपो लावला की सूर थोडे चढतात, म्हणून सूर कॅपो लावून झाल्यावर तपासायचे, आणि कॅपो फ्रेटला लागून, पण फ्रेटवर नाही. वेगळ्या ट्यूनिंगची गाणी एकापाठोपाठ ठेवावीत. एक तार उतरवली की मानेवरचा ताण बदलतो आणि बाकीच्या तारा थोड्या हलतात. मागेपुढे उड्या मारणारी यादी केली तर पाऊण तासातली पाच-सहा मिनिटं खुंट्या पिळण्यातच जातात. पेडल ट्यूनरने त्या वेळी आवाज बंद राहतो. एसीचा झोत थेट गिटारीवर येत असेल तर सुरांची आशा सोडावी. आधी झोताची दिशा बदलावी.

दिव्यांचं फार नाही. चेहरा दिसला तर शब्द जास्त कळतात, कारण ओठांकडे बघून आपण नकळत मदत घेत असतो. डोक्यावरून सरळ खाली पडणारा एकच दिवा डोळ्यांच्या खोबणी काळ्या करतो. दोन्ही बाजूंनी, वरून तिरके, दोन उबदार पांढरे दिवे पुरतात. नुसता निळा नको. कलाकाराला फ्रेट दिसत नाहीत, प्रेक्षकाला कलाकार दिसत नाही, फोटो तेवढे ‘मूडी’ येतात.

श्रोत्यांसाठी दोन शब्द. गायकापासून तीन ते पाच मीटरवर, दोन्ही स्पीकर सारखे समोर येतील अशी जागा बहुधा चांगली. मागच्या भिंतीला टेकून बसलं की खर्ज फुगतो. एकट्या गाणाऱ्याला सरासरी ८० ते ८५ डेसिबल भरपूर झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबल ही वरची मर्यादा सांगितली आहे. गिटार आणि एका आवाजाचा कार्यक्रम तिच्या जवळपास जात असेल तर ऑपरेटरला मधल्या वेळात जाऊन सांगावं. पण ‘आवाज कमी करा’ किंवा ‘वाढवा’ एवढंच न म्हणता ‘सहाव्या रांगेत शब्द कळत नाहीत, गिटार वर येतेय’ असं सांगितलं तर त्याला लगेच काही करता येतं. तो तिथे बसलेला नसतो.

तशीच विनंती आपल्या समीक्षकांना. वृत्तान्तात आपण कोणत्या रांगेत बसलो होतो, हॉल किती भरला होता, काय ऐकू आलं नाही आणि ते सगळ्याच गाण्यांत की काही गाण्यांतच, एवढं एका वाक्यात लिहावं. जागा कमी असेल तर कलाकाराच्या कुर्त्याचा रंग गाळला तरी चालेल.

आपले,
ध्वनियोजनेचं काम करणारे काही वाचक